मधुमालतीतला गवताचा गोळा आणि ठिपकेवाली मनोली

बेळगावातल्या अनगोळच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: पोर्चवरच्या मधुमालतीत आठवडाभर दोन बारकी पाखरं वीतभर, हातभर गवत चोचीत धरून घुसतायत. वरून तपकिरी, पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. गोळा आता नारळाहून मोठा झालाय आणि खाली फरशीवर रोज काड्या पडतायत. घरातले म्हणतात चिमण्या आहेत. येळ्ळूरला शेती करणारा भाऊ म्हणतो, ही भात खाणारी पाखरं, काढून टाक. आणि धाकट्याला त्यातली दोन पिंजऱ्यात हवी आहेत.

ताई, गोळा काढू नका, एवढं आधी सांगून ठेवतो. बाकीचं बसून वाचा.

तुमच्याकडची ही चिमणी नव्हे, ठिपकेवाली मनोली. पुस्तकात कुणी मनोली लिहितात, कुणी मुनिया. कन्नडमध्ये राटवाळ. आपल्या शिवारात मात्र तिला वेगळं नाव क्वचितच ऐकलं मी. विचारलं की "बारकी पाखरं की ओ ती" एवढंच उत्तर येतं. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन १२ ते १६ ग्रॅम, म्हणजे चहाच्या तीन चमच्यांत मावेल एवढ्या साखरेचं. घरची चिमणी हिच्या जवळजवळ दुप्पट भरते. चेहरा आणि गळा गडद, कात घातलेल्या विड्यासारखा तांबूस तपकिरी. पाठ त्याहून फिकी. छातीपासून कुशीपर्यंत पांढऱ्या पिसांना काळपट तपकिरी कडा. लांबून ते ठिपके वाटतात, जवळून खवले. चोच बुडाशी जाड, टोकाला निमुळती, पाटीच्या रंगाची. नर-मादी आपल्या डोळ्यांना सारखीच दिसतात, त्यामुळे "यातला नर कोणता" हे विचारू नका; गाईल तो नर, एवढाच भरवशाचा नियम.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, नाहीतर दसऱ्यानंतर तुमचा फोटो येणार. पिल्लं घरट्याबाहेर पडतात तेव्हा त्यांच्या अंगावर एकही खवला नसतो. सगळं अंग कोऱ्या खाकी कागदासारखं, चोच तेवढी गडद. दरवर्षी ऑक्टोबरात मला चार-पाच जण तरी असा फोटो पाठवून "ही कोणती नवीन जात?" म्हणून विचारतात. नवीन काही नाही, तुमच्याच वेलातली पोरं.

आता मूळ मुद्दा. मी सव्वीस-सत्तावीस वर्षं वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातून सकाळी फिरून पक्ष्यांच्या नोंदी ठेवतोय. आधी नोकरीमुळे शेतातच असायचो, आता सवयीमुळे. एवढ्या वर्षांत मनोलीबद्दल मला कळलेली गोष्ट एकच: हे गवताच्या बियाचं पाखरू आहे. तिची चोच, तिचं घरटं, अंडी घालायचा महिना, थव्याने राहणं, सगळं त्या एका बियाभोवती फिरतं. भात तिला चालतो, पण भात पिकायच्या कितीतरी आधीपासून ती सावा, हराळी, कुंदा यांच्या तुऱ्यांवर पोट भरत असते.

कधी दुर्बीण मिळाली तर तिला खाताना बघा. दुर्बीण नसली तरी चालेल, तीन-चार मीटरपर्यंत ती तुम्हाला जवळ येऊ देते. मागच्या सप्टेंबरात मी येळ्ळूरच्या वाटेवर एका बांधावर बसलो होतो. सावा-गवताचं एक ताट, त्यावर एक मनोली बसली. ताट वाकलं, ती खाली घसरली, पण सोडलं नाही. एका पायात वाकलेलं ताट आणि दुसऱ्या पायात शेजारचं, असं दोन्ही धरून ती तिरकी लोंबकळत राहिली. तुऱ्यातलं एक बी ओढलं. चोचीत ते जिभेने फिरवलं, खालचा जबडा भरभर वरखाली झाला, आणि चोचीच्या कडेनं टरफल बाहेर येऊन खाली पडलं. लगेच दुसरं. ती उडून गेल्यावर मी खाली पाहिलं, तर चिखलावर टरफलांचा भुगा सांडला होता, पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्यावर असतो तसा. तुमच्या फरशीवरच्या काड्या म्हणजे त्या मानाने काहीच नाही.

थव्यात खाणं हीसुद्धा एक वेगळीच भानगड आहे. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी याच जातीच्या पाखरांवर प्रयोग करून दाखवलंय की थव्यातली काही पाखरं मान खाली घालून स्वतः बी हुडकतात आणि काही मान वर करून, कुणाला सापडलं ते बघत फिरतात. सापडलं की धावत जाऊन त्यात वाटा घ्यायचा. एकच पाखरू आज हुडकणारं, उद्या वाटेकरी. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीची आठवण होते, पण ते असो.

पावसाळ्यातच घरटं का? चिमणी, सुगरण दाणे खातात खऱ्या, पण पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवतात. मनोलीची गोष्ट वेगळी. ती स्वतः अधूनमधून एखादा किडा खाते, पण पिल्लांची मुख्य भिस्त अर्धवट पिकलेल्या गवताच्या बियांवर. चिकातलं मऊ बी आई-बाप आधी आपल्या पोटात घेतात आणि घरट्यात येऊन उलटी काढून पिल्लांच्या तोंडात घालतात. काळोख्या गोळ्यात पिल्लाचं तोंड सापडावं म्हणून की काय, पिल्लांच्या टाळूवर गडद खुणा असतात. असं मऊ बी आपल्याकडे भरपूर मिळतं ते जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. मे महिन्यात अनगोळचा माळ कोरडा ठणठणीत. त्या दिवसांत तिने अंडी घातली तर पिल्लांना भरवणार काय? म्हणून रोहिणी, मृग गेले, बांध हिरवे झाले, तुरे यायला लागले की मगच काड्या गोळा करायला सुरुवात. पाऊस लांबला की घरटी लांबतात. जूनअखेरपर्यंत आभाळ कोरडं राहिलं त्या वर्षी मला पहिला गोळा पार ऑगस्टच्या मध्यावर दिसला होता.

तुमच्या वेलातला गोळा आतून असा असतो: बाहेर रुंद पानांचं, ओबडधोबड गवत, आत बारीक, मऊ तुरे, बी गळून गेलेले, तोंड बाजूला, बऱ्याचदा पुढे आलेल्या काड्यांत लपलेलं. सुगरणीची विणकरी इथे शोधू नका, हा सरळ सरळ पेंढ्याचा गठ्ठा आहे. पण पाणी आत जात नाही. बाभूळ, बोर, शिंदी अशा काटेरी झाडांत ती नेहमी बांधते; हल्ली शहरात मधुमालती, शोभेचे पाम, अगदी बाल्कनीतली टांगती कुंडीसुद्धा. बांधायला आठवडाभर लागतो. मग साधारण ४ ते ६ पांढरी अंडी, कधी जास्तही. दोघंही आळीपाळीने उबवतात. १० ते १६ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि त्यानंतर अठरा-एकोणीस दिवसांनी उडतात. म्हणजे तुमचा गोळा आज पुरा झाला असं धरलं तरी सव्वा महिन्यात विषय संपला. तेवढे दिवस पोर्चवर एक जुनी चादर टाका, काड्या तिच्यावर पडतील. वेल छाटू नका, आणि आत मोबाइल घालून फोटो काढू नका. दोनदा-तीनदा असं झालं की पाखरं अंडी टाकून निघून जातात. मी स्वतः तरुणपणी उत्साहाच्या भरात दोन घरटी अशी वाया घालवली आहेत. भारद्वाज आणि मांजर या दोघांवर मात्र लक्ष ठेवा. भारद्वाज फार शुभ मानतात आपल्याकडे, पण मनोलीच्या अंड्यांना त्याचं दर्शन मुळीच शुभ नसतं.

गाण्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते ऐकूच येत नाही. उडताना, थव्यात एकमेकांना धरून राहायला 'टी-टी', 'किट्टी' असा बारीक आवाज असतो तो सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण नराचं खरं गाणं म्हणजे चोच हलताना दिसते, गळा थरथरतो, आणि हातभर अंतरावर असलात तर काहीतरी पुटपुटल्यासारखं कानावर पडतं. यातली गंमत पुढे आहे. तो गायला लागला की थव्यातलं दुसरं पाखरू सरकत सरकत त्याच्याजवळ येतं, मान लांब करतं आणि डोकं अगदी त्याच्या चोचीला लावून ऐकत उभं राहतं. भांडण नाही, टोचणं नाही. गाणं संपलं की बाजूला. मादीच असते असं नाही, दुसरा नरही येतो. हे मी पहिल्यांदा वडगावात विजेच्या तारेवर पाहिलं तेव्हा मला वाटलं एकाच्या डोळ्यात काही गेलंय आणि दुसरं फुंकर मारतंय.

आपल्या जिल्ह्यात मनोली ही एकच नाही, आणि कोणती कुठे भेटते हे पाऊस ठरवतो. हा जिल्हा अजब आहे: पश्चिमेला मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस हजारो मिलिमीटर, आणि पूर्वेला अथणीकडे जेमतेम पाचशे-सहाशे. खानापूर ओलांडून जांबोटीकडे गेलात की जंगलाच्या कडेला, बांबूच्या बेटांत पांढऱ्या पाठीची मनोली लागते. गडद अंग, पोट पांढरं, आणि उडाली की पाठीवर खडूची रेघ ओढल्यासारखी पांढरी पट्टी. बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी या मधल्या पट्ट्यात ठिपकेवालीचं राज्य. सौंदत्ती, अथणीच्या कोरड्या माळावर साधी मनोली, म्हणजे पांढऱ्या कंठाची: फिकट मातकट, लांब टोकदार काळी शेपटी, चोच चांदीसारखी निळसर राखाडी. ही भारी आळशी. स्वतः गोळा बांधते, नाही असं नाही, पण सुगरणींनी सोडलेलं जुनं घरटं विहिरीवरच्या बाभळीला लोंबताना दिसलं की आधी त्यात घुसून बघते. आत मऊ अस्तर घातलं की झालं घर.

आणि चौथी लाल मनोली. हिच्यासाठी मी दूधगंगेच्या काठाला वर्षातून एकदा तरी जातोच. विणीच्या दिवसांत नर गुंजेसारखा लाल, अंगभर पांढरे ठिपके, उसाच्या पाचटावर बसला की ठिणगी पडल्यासारखा दिसतो. विणीचा काळ सरला की हाच नर ती लाली उतरवतो आणि मादीसारखा मातकट होतो, शेपटीच्या बुडाशी थोडा लाल रंग राहतो तेवढाच. या कुळातल्या पाखरांत हंगामाप्रमाणे असे कपडे बदलणारी ही जवळजवळ एकटीच. तिचं 'अवदावत' हे इंग्रजी नाव अहमदाबाद शहराच्या नावावरून पडलंय. पूर्वी तिथून ती पिंजऱ्यांतून परदेशी जायची. ऊस वाढला तसं नदीकाठचं लव्हाळं कमी झालं, पण लाल मनोलीने उसाशी जुळवून घेतलंय. जमिनीलगत, दाट पाचटात ती गोळा बांधते. तोडणी आणि पाचट पेटवणं वेळेच्या आधी आलं तर काय होतं ते सांगायला नको.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. ते खोटं नाही. भात चिकात आलं की मनोली लोंब्यांवर बसते, दाणा चेपून चीक पिते, आणि ती लोंबी पुढे पांढरी पडते. पण नुकसान कुठे होतं ते त्यांना बघायला सांगा. बांधालगतच्या दोन-तीन ओळी, पडलेलं भात, आणि शिवारात सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर पोटरीत आलेलं एकटं शेत. आजूबाजूला पन्नास एकर एकाच वेळी चिकात असेल तर एका शेताच्या वाट्याला किती पाखरं येणार? एकट्या शेतावर मात्र सगळा थवा उतरतो. माझ्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी होते, ते म्हणायचे, "पाखराला दोष देऊ नगासा, रोप लावायला आठ दिस उशीर कुणी केला ते बघा." दर वर्षी शेजाऱ्यांशी बोलून, एकाच आठवड्यात लावण उरकायचे. गोफण कधी उचलली नाही.

दुसरी गोष्ट बांधाची. पूर्वी बांधावरचं गवत विळ्याने, म्हशीपुरतं कापलं जायचं, त्यामुळे कुठे ना कुठे तुरे उभे असायचे. आता बांधावर तणनाशक मारतात, आणि तेही नेमकं ऑगस्ट-सप्टेंबरात. सगळे बांध एका आठवड्यात पिवळे. थव्याला मग उरतं काय? समोरचं भात. मी हे वडगावच्या दोन शेजारच्या तुकड्यांत सलग तीन हंगाम पाहिलंय: ज्याच्या बांधावर सावा उभा होता त्याच्या भातावर पाखरं येत, पण बांधावर जास्त वेळ रमत, ज्याने तणनाशकाने बांध जाळला त्याच्या कडेच्या ओळी साफ. तीन हंगामांच्या नजरेच्या हिशेबाला शास्त्र म्हणत नाही मी, पण भावाला सांगून बघा, भात पिवळं पडेपर्यंत बांधावर विळा नाही आणि फवारणीही नाही. सावा भातात मात्र राहू देऊ नका, तो बांधावरच बरा. चमकणारी फीत लावायची असेल तर चीक भरायच्या दिवसांत लावा आणि दर तीन-चार दिवसांनी जागा बदला, नाहीतर पाखरं तिच्यावरच बसून पंख साफ करतात. नायलॉनची बारीक जाळी अंथरू नका. ती मनोलीपेक्षा धामणींना जास्त अडकवते, आणि धामण गेली की उंदीर किती भात नेतात ते भावाला मी सांगायची गरज नाही.

धाकट्याचा पिंजरा. नाही म्हणा, आणि कारणही सांगा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मनोलीला लागू आहे. पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. पण मुलाला कायद्यापेक्षा ही गोष्ट पटेल: काही वर्षांपूर्वी एका जत्रेत एक जण टोपलीत हिरव्या, गुलाबी, पिवळ्या 'विलायती चिमण्या' विकत होता. मी एक हातात घेतली. अंगठा हिरवा झाला. साध्या मनोलीला कपड्याच्या रंगात बुडवून उन्हात वाळवलेलं होतं, पिसं चिकटून गेलेली, डोळ्यांच्या कडा सुजलेल्या. अशी रंगवलेली पाखरं बहुधा फार दिवस टिकत नाहीत. तो माणूस गरीब होता, त्याच्याशी भांडलो नाही. वनखात्याला फोन केला, ते येईपर्यंत तो दुसऱ्या गल्लीतून निघून गेला होता. अजून राग येतो, कुणाचा ते नक्की कळत नाही.

पिंजऱ्यातून सुटलेल्या किंवा मुद्दाम सोडलेल्या ठिपकेवाल्या मनोल्यांनी ऑस्ट्रेलियात, हवाईत, कॅलिफोर्नियात आपापल्या वसाहती केल्या आहेत, हेही त्याला सांगा. शाळेच्या प्रकल्पाला चालेल.

खायला काय ठेवायचं? आत्ता काहीच नाही. सध्या त्यांना बाहेर भरपूर आहे, आणि तांदूळ-पोळी ठेवलात तर कावळे येतील, तेच घरटं फोडतील. मार्चनंतर, माळ सुकल्यावर, मातीच्या पसरट थाळीत पाणी ठेवा, दोन बोटं खोल पुरे. हौस असेल तर शेजारी मूठभर राळा किंवा वरी. कुंपणाकडच्या कोपऱ्यात दोन फूट हराळी-सावा वाढू दिलात तर त्याहून उत्तम. शेजारी 'गवत काढा की' म्हणतील, त्यांना मनोली दाखवा.

पिल्लं उडाल्यावरही गोळा लगेच ओढून काढू नका. थंडीत हीच पाखरं, कधी कधी आणखी पाहुणे घेऊन, रात्री झोपायला त्यात परततात. मार्गशीर्षात संध्याकाळी सहाच्या सुमारास धाकट्याला पायरीवर बसवा आणि किती आत जातात ते मोजायला सांगा. घाई करू नका, एक बाहेर आलं तर वजा करायचं. माझ्या परड्यातल्या गोळ्यात एकदा सात गेली होती, आणि आठवं तोंडाशी बसून, आत जागा होईपर्यंत शेपटी हलवत थांबलं होतं.